चुलीचा धूर कोणी मोजला?

राजगडावर जाणाऱ्या वाटांपैकी सर्वांत सोपी आणि प्रशस्त वाट पाली दरवाजाची. गडाच्या पश्चिम पायथ्याच्या पाली गावावरून या दरवाजाला हे नाव पडले. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे पाली ते वेगळे, रायगड जिल्ह्यातले. हे पाली पुणे जिल्ह्याच्या वेल्हे (राजगड) तालुक्यातले, कानंद नदीच्या खोऱ्यातले. १९४८ पर्यंत हा मुलूख भोर संस्थानात होता. गडाचा इतिहास आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. दरवाजे, माच्या, सनावळी सारे मुलांना पाठ असते. पण ज्या गावाचे नाव दरवाजाला मिळाले, तिथल्या घरांत रोज पेटणाऱ्या चुलीलाही एक इतिहास आहे. तो पाठ्यपुस्तकात येत नाही.

मावळातले जुने घर डोळ्यांसमोर आणा. उतरत्या छपराचे, बेताच्या उंचीचे, जाड भिंतींचे आणि लहान खिडक्यांचे. मुसळधार पावसाला आणि थंडीला तोंड द्यायचे म्हणून ते तसेच बांधलेले. आषाढ-श्रावणात दारे बहुतेक बंद. सरपण कितीही जपले तरी दमट होते. ओले लाकूड पेटताना चुलीच्या उष्णतेचा मोठा भाग त्यातले पाणी उडवण्यात खर्च होतो, ज्वाला थंड राहते आणि ज्वलन अपुरे होते. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांतले बरेचसे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. यावरून कल्पना यावी. हे कण नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात.

हा धूर घराघरांत होता. तो डोळ्यांना झोंबत होता, खोकला आणत होता, आढ्याला काजळी धरत होता. तरीही विज्ञानाने तो मोजायला १९८० चे दशक उजाडावे लागले. असे का झाले, हे पाहण्याजोगे आहे.

कायद्यातून सुटलेली चूल

धुराविरुद्ध कायदे आपल्या देशात नवे नाहीत. बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धूर-उपद्रव कायदे झाले. कोलकात्याच्या ताग-गिरण्या, मुंबईच्या कापड-गिरण्या आणि वाफेची इंजिने यांच्या धुराड्यांवर लक्ष ठेवणे हा त्यांचा हेतू. बंगालच्या कायद्याने 'भट्टी' या शब्दाची व्याख्या करतानाच राहत्या घरातील घरगुती वापराची चूल वगळली होती. सरकारने लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू नये, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा झाला, की 'धुराचा उपद्रव' म्हटल्यावर डोळ्यांसमोर उंच धुराडेच यावे अशी सवय जडली.

पुढे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके साचून राहिले. त्या काळात सुमारे चार हजार जादा मृत्यू झाल्याचे तेव्हा मानले गेले; नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांच्या घरात जातो. तिथला बराच धूर घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा होता. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा केला आणि शहरांतल्या शेगड्यांत धूर न करणारे इंधन वापरायला लावले. तो धूर घराच्या धुराड्यातून बाहेर पडून शहराच्या आकाशात साचला, म्हणून साऱ्यांना दिसला. आपल्याकडे धूर घरातच राहिला. १९८१ साली आपण हवा प्रदूषणाचा कायदा केला, त्याचाही रोख मुख्यतः कारखाने आणि वाहने यांच्यावरच होता.

दिल्लीतले कोडे

पहिली शंका आली ती एका हृदयरोगतज्ज्ञ बाईंना. डॉ. एस. पद्मावती (१९१७-२०२०) दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात काम करत. फुफ्फुसाचा जुनाट विकार झाला, की त्यातून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती निकामी होऊ लागते. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या, वयस्कर पुरुषांचा मानला जाई. १९५९ साली पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी दिल्लीतल्या १२७ रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, त्यांचे वयही कमी होते आणि त्यांच्यात धूम्रपान क्वचितच होते.

मग या बायकांच्या फुफ्फुसांना झाले काय? लेखकांनी बोट दाखवले ते शेणी-लाकडांच्या चुलीकडे. पुढे १९८४ साली नेपाळच्या डोंगराळ भागात डॉ. एम. आर. पांडे यांनी चुलीपाशी जाणारा वेळ आणि जुनाट खोकल्याचा विकार यांचा संबंध दाखवला. डोंगर, थंडी आणि बंद घरे यांमुळे ते वर्णन आपल्या सह्याद्रीतल्या कोणत्याही वाडीला लागू पडावे असे आहे.

तरीही पद्मावतींचे निरीक्षण वैद्यकाच्या पुस्तकांच्या समासातच राहिले. कारण धूर किती, हा आकडा कोणापाशीच नव्हता.

स्वयंपाकघरात पंप आणि गाळणकागद

तो आकडा आला गुजरातच्या चार खेड्यांतून. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ (निधन २०२०) यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेतील अगरवाल आणि त्यांचे सहकारी दवे यांच्याबरोबर १९८१ साली मोजणी केली. तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पद्धत साधी होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर छोटा पंप लावायचा, ती श्वास घेते तिथलीच हवा गाळणकागदातून ओढायची आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करायचे. स्वयंपाकाच्या वेळी दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम कण आढळले.

सात मिलिग्रॅम म्हणजे किती? हे गणित दहावीच्या वर्गातही करता येईल. १९९४ साली आपल्याकडे निवासी भागातील हवेसाठी एकूण तरंगत्या कणांची मर्यादा ठरली, ती २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम. माणूस तासाला सरासरी सुमारे अर्धा घनमीटर हवा आत घेतो असे धरू.

मर्यादेइतक्या हवेत पूर्ण दिवस काढला, तर १२ घनमीटर × २०० मायक्रोग्रॅम = २.४ मिलिग्रॅम कण आत जातील.

चुलीपाशी फक्त तीन तास काढले, तर १.५ घनमीटर × ७ मिलिग्रॅम = १०.५ मिलिग्रॅम.

म्हणजे तीन तासांत कायद्याने ठरवलेल्या दिवसभराच्या मात्रेच्या चौपटीहून अधिक. अशी तीस वर्षे काढली तर बत्तीस हजारांहून अधिक तास होतात. आत गेलेले सगळे कण फुफ्फुसात राहत नाहीत हे खरे, पण अंदाज येण्यास एवढे पुरे आहे.

स्मिथ यांनी यातून एक महत्त्वाचा विचार मांडला. प्रदूषक हवेत किती सोडला, यापेक्षा तो माणसाच्या फुफ्फुसात किती पोचला हे मोजा. उंच धुराड्यातून निघालेला एक ग्रॅम धूर वाऱ्यावर पसरतो. बंद खोलीत निघालेला तोच एक ग्रॅम कुणाच्या तरी फुफ्फुसात शिरण्याची शक्यता ढोबळमानाने हजारपट असते. शहरातल्या चौकात यंत्र बसवून देशाची हवा मोजणारी पद्धत या बाईपर्यंत पोचतच नव्हती.

चूल सुधारली, पण...

धूर आकड्यात येण्याच्या कितीतरी आधी चूल सुधारण्याचे प्रयत्न सुरू झाले होते, हेही नोंदवले पाहिजे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते. 'मगन चूल' हे नाव तिथलेच. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराडे जोडलेली मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली 'कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे' अशा अर्थाच्या शीर्षकाची पुस्तिका लिहिली. राजूंना गृहिणीच्या डोळ्यांची आणि छातीची काळजी होती.

पण १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाला चूल आठवली ती वेगळ्या कारणाने. आता चिंता होती जंगलाची आणि सरपणाची. १९८३ च्या अखेरीस सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा मोठा भर इंधन वाचवण्यावर होता. २००२ साली तो बंद होईपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेसारख्या (आरती) काही संस्थांनी त्या काळात आणि नंतरही मनापासून काम केले. तरी अनेक गावांत धुराडी तुंबली, चुली फुटल्या आणि बायकांनी जुनीच चूल पुन्हा मांडली. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अनेक वर्षे केलेल्या पाहणीतही हेच दिसले. पहिल्या वर्षी धूर थोडा कमी, पुढे जवळजवळ फरक नाही; कारण चुली नीट वापरल्या आणि राखल्या गेल्या नाहीत.

याला बायकांचे अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. चूल स्वयंपाकाखेरीज किती कामे करते ते पाहा. ती अंघोळीचे पाणी तापवते, पावसाळ्यात कपडे वाळवते, घर उबदार ठेवते. वर टांगलेल्या बियाण्याला धुरामुळे कीड कमी लागते. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपुढे उभी केली की ती फुगते. प्रयोगशाळेत एका भांड्यातले पाणी उकळवून जिची कार्यक्षमता मोजली, त्या चुलीकडून यांतली किती कामे होणार होती? ज्या बाईने ती चूल वापरायची, तिला हे आधी कोणी विचारले नव्हते.

गॅस आला, पुढे काय?

दरम्यान आजारांचा पुरावा वाढत होता. २००९ साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार असलेल्या जगातील रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नाही. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर जळणाचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या प्रदूषित हवेमुळे सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि २०१९ पर्यंत आठ कोटी गॅसजोडण्या दिल्या गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे स्वच्छ इंधन वापरणारी घरे २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. ही मोठी प्रगती आहे. मात्र ग्रामीण भागात हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपासच होते. शिवाय जोडणी मिळणे आणि दर महिन्याला सिलिंडर भरून आणणे यांत अंतर आहे. सरपण रानातून फुकट मिळते, सिलिंडरला रोख पैसे लागतात. म्हणून अनेक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते.

विज्ञानानेही इथे प्रामाणिक राहायला हवे. तमिळनाडूसह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत गॅस दिल्यावर श्वासातले सूक्ष्म कण सुमारे सत्तरवरून चोवीस मायक्रोग्रॅमवर आले. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. शेगडी गर्भधारणेनंतर मिळाली होती; आणि सीओपीडीसारखे आजार तीस वर्षांच्या धुराचे असतात, त्यांचा हिशेब वर्षा-दोन वर्षांत लागत नाही. जन्मवजन, न्यूमोनिया आणि सीओपीडी हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यावर लावून चालत नाही.

वर्गासाठी एक पाहणी

शिक्षकांनी हा इतिहास सांगून थांबू नये. आठवी-नववीच्या मुलांना एक आठवड्याची पाहणी द्यावी. घरात कोणते काम कोणत्या इंधनावर होते? चूल किती मिनिटे पेटते? तिच्यापाशी कोण बसते, कडेवर वा जवळ कोणते मूल असते? दार-खिडकी उघडी असते का? ताणकाट्याने रोजचे सरपण तोलावे. हीच पाहणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसाळ्यात केली, तर तुलना करता येईल. घराघरांचे आकडे नावाशिवाय फळ्यावर मांडावेत, म्हणजे कुणाच्या गरिबीचे प्रदर्शन होणार नाही. मग वरचे गणित मुलांना स्वतःच्या आकड्यांवर करू द्यावे.

आणखी एक प्रश्न या पाहणीत जरूर घालावा, जो राष्ट्रीय कार्यक्रमांनी फार उशिरा विचारला: "आई, चुलीत काय बदलले तर तुला बरे होईल?" त्याचे उत्तर आकड्यांच्या शेजारी, तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.