कुरकुरणारे रबरी बुश आणि वंगणाची निवड

गतिरोधकावरून गाडी सावकाश उतरताना खालून येणारी कुरकुर बहुतेक वाहनधारकांच्या परिचयाची असते. त्यावरचा गॅरेजमधील रूढ उपाय म्हणजे जळक्या ऑइलचा किंवा डिझेलचा फवारा. आवाज तत्काळ थांबतो, म्हणूनच हा उपाय टिकून आहे. रबराच्या दृष्टीने मात्र तो अपायकारक ठरतो.

सस्पेन्शनचे आर्म गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेले असतात, तेथे धातूच्या भागांमध्ये रबरी बुश बसविलेले असतात. रस्त्याचे हादरे पचविणे आणि तरीही चाकाची दिशा ढळू न देणे, असे त्यांचे दुहेरी काम असते. वारंवार पिळले व दाबले जाऊनही लवकर न फाटणारे नैसर्गिक रबर यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्याचे एक मोठे वैगुण्य आहे. खनिज तेल आणि हे रबर दोन्ही हायड्रोकार्बन वर्गातील असल्याने तेलाचे रेणू रबरात सहज शिरतात. परिणामी रबर फुगते, मऊ पडते आणि कालांतराने फाटते. बुश सैल झाला की टायर एका बाजूने झिजतात, ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढली जाते आणि स्टिअरिंगमधील नेमकेपणा कमी होतो.

डिझेल आणि इंजिन ऑइलच नव्हे, तर गंजलेले नट सोडविण्यासाठीचे बहुतांश फवारे आणि घरोघरी आढळणारी पेट्रोलियम जेलीही याच कुळातील आहेत. लिथियम ग्रीस धातूच्या सांध्यांसाठी उत्तम असले, तरी त्याचा पाया बहुधा खनिज तेलाचा असल्याने रबरी बुशसाठी ते टाळावे.

सर्वांत निर्धोक पर्याय सिलिकॉन ग्रीसचा. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम या दोहोंना त्यापासून सहसा अपाय होत नाही, आणि पाण्यानेही ते सहज धुऊन जात नाही. सिलिकॉन स्प्रे वापरणे सोपे असले तरी काही डब्यांत पेट्रोलियम द्रावक मिसळलेला असतो. रबरासाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख वेष्टनावर पाहूनच तो घ्यावा. ब्रेकच्या रबरी भागांसाठी मिळणारे, एरंडेलावर आधारित लाल ग्रीसही नैसर्गिक रबराला चालते. पॉलियुरेथेनचे बुश बसविले असतील, तर त्यांच्या निर्मात्याने सुचविलेले ग्रीसच वापरावे.

आवाज नेमका कोठून येतो, हे शोधण्यासाठी साधे पाणी पुरते. मदतनिसाने गाडी वरखाली दाबावी आणि एकेका बुशवर पाणी शिंपडावे. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबेल, तो दोषी. पावसाळ्यात गप्प असलेली गाडी कोरड्या दिवसांत पुन्हा बोलू लागते, ती याच कारणाने. गाडीखाली शिरावे लागणार असेल, तर केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये, पक्के स्टँड लावावेत.

वंगणाचा उपयोग रबर धातूवर घासत असेल तेथेच, उदाहरणार्थ स्टॅबिलायझर बारच्या बुशवर. त्यातही काही कंपन्या हे बुश कोरडेच ठेवण्यास सांगतात, त्यामुळे गाडीची माहितीपुस्तिका आधी पाहावी. आर्मच्या अनेक बुशमध्ये रबर धातूच्या नळीला कायमचे चिकटविलेले असते. तेथे काहीही घसरत नाही, फक्त रबर पिळले जाते. असा बुश कुरकुरू लागला, तर चिकटलेला भाग सुटला असण्याची किंवा रबराला भेगा गेल्या असण्याची शक्यता अधिक. तेथे ग्रीस लावणे म्हणजे बिघाड झाकणे होय, बुश बदलणेच योग्य. नव्या बुशचा बोल्ट अखेरचा आवळताना गाडीचे वजन चाकांवर असावे. ती लटकत्या अवस्थेत असताना बोल्ट आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि अकाली फाटते. आर्म काढला असल्यास त्यानंतर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे.

सिलिकॉनचा फवारा ब्रेक डिस्क किंवा पॅडवर उडणार नाही, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. शक्यतो ग्रीस बोटाने किंवा ब्रशने, बुश पुसून कोरडा केल्यावर, पातळ थरात लावावे.