मुद्रणकलेचा उगम आणि धम्मदान

मुद्रणाचा विषय निघाला की जर्मनीच्या गुटेनबर्गचे नाव प्रथम ओठांवर येते. पंधराव्या शतकातील त्याच्या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु मुद्रणाची तिथी ज्यावर नोंदलेली आहे असा, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ त्याच्याही जवळजवळ सहाशे वर्षे आधीचा आहे. आणि तो बौद्ध सूत्रग्रंथ आहे.

हा ग्रंथ म्हणजे 'वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता' सूत्राचा कुमारजीवकृत चिनी अनुवाद. इ. स. ८६८ मध्ये तो छापला गेला. चीनच्या वायव्य सीमेवरील तुन-हुआंग येथील एका बंदिस्त गुंफेतून १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी तो मिळविला. सध्या तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. कागदाचे सात ताव जोडून केलेली ही गुंडाळी सुमारे पाच मीटर लांब आहे. आरंभी जेतवनात सुभूतीला उपदेश करणाऱ्या तथागतांचे चित्र आहे. त्यातील रेषांची सफाई पाहता ही कला तेव्हा बाल्यावस्थेत नव्हती, हे उघड आहे.

पद्धत साधी होती. पातळ कागदावर लिहिलेला मजकूर लाकडी फळीवर उलटा चिकटवावयाचा, अक्षरे सोडून उरलेले लाकूड कोरून काढावयाचे, उठावाच्या अक्षरांना शाई लावून वर कागद ठेवावयाचा आणि पाठीवरून कोरडा कुंचला फिरवावयाचा. यंत्र असे नव्हतेच. शिक्के आणि शिलालेखांचे कागदावर घेतलेले ठसे चीनमध्ये आधीपासून परिचित होते. भारतातही ठशांची प्रथा होती. येथील लोक रेशमावर वा कागदावर बुद्धप्रतिमा उमटवितात, असे सातव्या शतकातील प्रवासी इत्सिंग याने लिहून ठेवले आहे. प्रतीत्यसमुत्पादाची गाथा उमटविलेल्या मातीच्या मुद्रा नालंदा येथे आणि आपल्या कान्हेरीतही सापडल्या आहेत.

मात्र पुष्कळ प्रती काढणे म्हणजे धम्म पुष्कळांपर्यंत पोहोचविणे नव्हे. आठव्या शतकात जपानची सम्राज्ञी शोतोकू हिने लक्षावधी धारणी छापवून घेतल्या व लहान लाकडी स्तूपांत बंद करून विहारांना वाटल्या. त्या वाचण्यासाठी नव्हत्याच, पुण्यसंचयासाठी होत्या. पाली परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हे काहीसे विचित्र वाटते. तुन-हुआंगच्या गुंडाळीच्या अखेरीस मात्र निराळी नोंद आहे: वांग चिए नामक गृहस्थाने आपल्या मातापित्यांसाठी हा ग्रंथ सर्वांना विनामूल्य वाटण्याकरिता तयार करविला. पुण्याची अपेक्षा येथेही आहेच. पण या सूत्रात, त्यातील एखादी गाथा जरी ग्रहण करून दुसऱ्याला समजावून सांगितली, तरी ते पुण्य रत्नांच्या दानाहून श्रेष्ठ मानले आहे. वांग चिएचे दान आम्हांला या उपदेशाशी सुसंगत वाटते.

ही घटना घडली तो काळही ध्यानात घ्यावा. अवघ्या तेवीस वर्षांपूर्वी, ८४५ मध्ये, सम्राट वू-त्सुंगने ४,६०० हून अधिक विहार उद्ध्वस्त केले होते आणि सुमारे २,६०,००० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरविण्यास भाग पाडले होते.

मुद्रणाचे सर्व श्रेय बौद्धांना देणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. खाजगी छापील पंचांगांवर ८३५ मध्येच बंदी घालावी लागली होती. म्हणजे बाजारही जागा होता. पुढे ९३२ ते ९५३ या काळात फेंग ताओच्या पुढाकाराने कन्फ्यूशियन ग्रंथ राजाश्रयाने छापले गेले. समग्र चिनी त्रिपिटकाच्या मुद्रणाचे काम ९७१ मध्ये छेंग-तू येथे सुरू झाले आणि ९८३ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे १,३०,००० फळ्या कोराव्या लागल्या!

एवढ्या फळ्या एका ग्रंथसंग्रहापलीकडे निरुपयोगी. सुट्या खिळ्यांची युक्ती १०४१ ते १०४८ च्या दरम्यान पी-शेंगने काढली. शेन क्वो या विद्वानाने ती नोंदविली नसती तर पी-शेंगचे नावही उरले नसते, कारण तो अधिकारपद नसलेला सामान्य माणूस होता. ओल्या मातीत अक्षर कोरून तो प्रत्येक खिळा भाजून घेई. लोखंडी पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख यांच्या थरात खिळे बसवी, तापवून सपाट करी. एका पत्र्यावर छपाई चालू असता दुसऱ्यावर जुळणी होई. दोन-तीन प्रतींना याचा लाभ नाही, शेकडो-हजारो काढावयाच्या तर वेग अद्भुत, असे शेन क्वो म्हणतो. पी-शेंगच्या मृत्यूनंतर ते खिळे शेन क्वोच्या आप्तांकडे आले व त्यांनी ते जपून ठेवले.