१९२० अक्षरांची काटकसर : कर्सेसची कथा

३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला साधारण ३० अक्षरे येत. ८० स्तंभ आणि २४ ओळींचा पडदा म्हणजे १९२० अक्षरे. तो एकदा भरायला ६४ सेकंद. एखादे अक्षर दुरुस्त करून सारा पडदा पुन्हा उमटवायचा, तर प्रत्येक दुरुस्तीमागे मिनिटभराची प्रतीक्षा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात बिल जॉय ‘व्हीआय’ हा संपादक लिहीत होते, तो अशाच मंद तारेवर.

मंद वेगाइतकाच त्रास टर्मिनलांच्या भाषाभेदाचा होता. कर्सर ठरावीक जागी न्यायचा, तर एडीएम-३ए या टर्मिनलला एस्केप, बरोबरचे चिन्ह आणि ओळ व स्तंभ यांच्या क्रमांकांत ३२ मिळवून येणारी दोन अक्षरे पाठवावी लागत. १९७८ सालच्या व्हीटी१०० ला मात्र एस्केपनंतर चौकोनी कंस, अर्धविरामाने विभागलेले आकडे आणि शेवटी ‘एच’ हवे असे. जॉय यांनी या बोलींचा एक कोशच केला : टर्मकॅप.

केन अर्नोल्ड यांनी १९८० च्या सुमारास व्हीआयमधील कर्सर हलवण्याची युक्ती वेगळी काढून तिची लायब्ररी केली. कर्सर ऑप्टिमायझेशनवरील श्लेष म्हणून नाव ठेवले ‘कर्सेस’, म्हणजे शिव्याशाप! आधीचा अनुभव पाहता नाव अगदीच अनाठायी नव्हते.

तिची कल्पना साधी, पण विलक्षण आहे. स्मृतीत पडद्याच्या दोन प्रती ठेवायच्या : एक सध्या दिसणारी, दुसरी हवी असलेली. दोन्हींतील फरक तेवढा पाठवायचा. कर्सर नेण्याचे मार्गही अनेक असतात : थेट पत्ता देणे, मागे सरकणे, टॅब, ओळीच्या आरंभी परतणे. प्रत्येकाचा खर्च अक्षरांत मोजून सर्वांत स्वस्त मार्ग निवडायचा. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा किमान खर्चाचा मार्ग ओळखीचा वाटेल. टॉय, विकमन आणि अर्नोल्ड यांच्या ‘रोग’ या खेळात ‘@’ हा वीर एक घर सरकला, की १९२० ऐवजी तीन-चार अक्षरांत काम भागे.

पुढे बेल लॅब्जमध्ये मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी टर्मकॅपच्या जागी टर्मइन्फो आणले. रंगांची सोयही एटी अँड टीच्याच युनिक्समध्ये आली. पण तो स्रोत खुला नव्हता. म्हणून पाव्हेल कर्टिस यांनी १९८२ मध्ये ‘पीकर्सेस’ स्वतंत्रपणे लिहिले. त्यातूनच १९९३ मध्ये ‘एनकर्सेस’ निघाले, आणि ते पुढे थॉमस डिकी यांनी दीर्घकाळ सांभाळले. आज लिनक्सवर चालते ते हेच.

या साऱ्या हिशेबामागे एक गृहीतक दडले होते : एक अक्षर, एक घर. रोमन लिपीला ते चालले. ‘क्षि’मध्ये मात्र युनिकोडचे चार संकेत येतात : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व इकार, शिवाय इकार उच्चारात शेवटी असूनही दिसतो आधी. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्यांसाठी खास हार्डवेअर घडवले, ते या अडचणीशी झुंजतच. आता रुंद अक्षरांची सोय एनकर्सेसमध्ये आहे. तरी ‘क्षि’ला किती घरे द्यायची यावर लायब्ररी आणि टर्मिनल यांचे एकमत झाले नाही, की कर्सर दिसतो एका जागी आणि खोडतो दुसरेच अक्षर.