कृत्रिम अस्थिपूरके (दंतवैद्यक)

कृत्रिम अस्थिपूरके ही दात काढल्यावर जबड्यात उरणाऱ्या खोबणीत भरण्यासाठी प्रयोगशाळेत तयार केलेली खनिज द्रव्ये होत. दंतवैद्यांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख ‘बोन ग्राफ्ट’ असा होतो. दाताभोवतीचे हाड दाताच्याच आधाराने टिकते. दात गेला की ते झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटू शकते. ही झीज मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते व पुढे तेथे इम्प्लांट बसविणे अवघड जाते.

हाडातील पोकळी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरण्याचा प्रयोग जर्मन शल्यविशारद ड्रेसमान यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केला. १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाशी सांधली जाणारी जैवसक्रिय काच शोधली. आज कॅल्शियम फॉस्फेटची संयुगे विशेष प्रचारात आहेत. त्यांपैकी बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत विरघळू लागते, तर हायड्रॉक्सिअपेटाइट वर्षानुवर्षे राहू शकते. म्हणून दोहोंचे मिश्रण वापरतात.

ही द्रव्ये स्वतः हाड बनतात, हा समज चुकीचा आहे. ती केवळ परांचीचे काम करतात. हाड घडविणाऱ्या पेशी खोबणीच्या भिंतींतून येतात. परांची लवकर विरली तर जागा खचते, फार काळ राहिली तर नव्या हाडाला वाव उरत नाही.

रुग्णाचेच हाड घेण्यासाठी करावी लागणारी दुसरी जखम यात टळते. काही पूरके गोवंशाच्या हाडांपासून बनवितात. ती नको असणाऱ्यांनाही हा पर्याय सोयीचा ठरतो. मात्र झीज कमी होते, पूर्णपणे थांबत नाही.