मानवाकृति-रेखाटन : पृष्ठवंश व श्रोणी

सजीव व्यक्ती समोर उभी करून किंवा बसवून तिच्या शरीराचे रेखाटन करणे, हा कलाशिक्षणातील मूलभूत अभ्यास होय. अशा व्यक्तीस कलाशाळांच्या व्यवहारात ‘मॉडेल’ म्हणतात. या अभ्यासात पृष्ठवंश (पाठीचा कणा) व श्रोणी (कमरेखालचा अस्थिमय भाग) यांस विशेष महत्त्व आहे. मस्तक, छातीचा पिंजरा व श्रोणी हे शरीराचे तीन मोठे घनाकार पृष्ठवंशाने परस्परांशी जोडलेले असतात. त्यांचा परस्परसंबंध चुकल्यास चेहरा व हातपाय कितीही काळजीपूर्वक काढले, तरी आकृती उभी राहिल्यासारखी वाटत नाही.

शरीररचना : मनुष्याच्या पृष्ठवंशात ३३ मणके मोजले जातात : मानेचे ७, छातीचे १२, कटीचे ५, त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे ४. यांपैकी शेवटचे दोन गट प्रौढपणी सांधून एकजीव झालेले असतात. म्हणून हालचाल करणारे मणके २४ होत. बाजूने पाहता कणा सरळ नसतो. मान व कटी या ठिकाणी त्याचा बाक पुढे, तर छाती व त्रिकास्थी या ठिकाणी मागे असतो. श्रोणी ही दोन नितंबास्थी, त्रिकास्थी व माकडहाड यांची मिळून बनलेली, तसराळ्यासारखी रचना आहे. स्त्रीची श्रोणी सामान्यतः अधिक रुंद व उथळ, तर पुरुषाची अरुंद व खोल असते.

हाडे त्वचेखाली दडलेली असली, तरी त्यांच्या काही खुणा बाहेरून दिसतात. मान पुढे वाकविली की तिच्या तळाशी सातव्या मणक्याचे टोक वर येते. कमरेच्या पुढच्या बाजूस दोन्हीकडे नितंबास्थींची टोके हातास लागतात. पाठीमागे त्रिकास्थीच्या वरच्या भागाच्या दोन्ही अंगांस लहान खळगे दिसतात. हे खळगे जोडणारी रेषा श्रोणीचा कल दाखविते. पाठमोऱ्या मॉडेलच्या रेखाटनात याच खुणा प्रथम टिपल्या जातात.

तोल व कल : दोन्ही पायांवर सारखा भार असेल, तर श्रोणी आडवी समपातळीत राहते. भार एका पायावर घेतला, की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते व दुसरी खाली येते. तोल सांभाळण्यासाठी कणा वळतो आणि खांद्यांची रेषा सामान्यतः कमरेच्या रेषेच्या उलट दिशेने कलते. मांडी घालून बसल्यावर श्रोणी मागे कलते व कटीचा बाक कमी होतो. कडेवर घागर घेतलेल्या स्त्रीची कंबर एका बाजूस बाहेर येते व धड विरुद्ध बाजूस झुकते. डोक्यावर मोळी असेल, तर कणा जवळजवळ ओळंब्यात ठेवावा लागतो.

प्राचीन परंपरा : एका पायावर भार देऊन उभी राहिलेली आकृती ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात प्रमाणबद्ध रूपात सिद्ध केली. प्रबोधनकाळात लिओनार्दो दा व्हिंची याने शवविच्छेदनाच्या आधारे १५१० च्या सुमारास पृष्ठवंशाची रेखाटने केली, तर १५४३ मध्ये व्हेसेलियस याचा सचित्र शरीररचनाग्रंथ प्रसिद्ध झाला. यूरोपीय कलाशाळांतील मॉडेलवरून रेखाटन करण्याची पद्धत या पार्श्वभूमीवर वाढली.

भारतीय परंपरेने हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात उभ्या आकृतीची नऊ स्थाने व त्यांतील अवयवांचा क्षयवृद्धीचा विचार आला आहे. समभंग, आभंग, त्रिभंग व अतिभंग या संज्ञा मूर्तीच्या मध्यरेषेपासून मस्तक, धड व कटी किती ढळली आहेत, हे सांगतात. म्हणजेच त्या मूलतः कणा व श्रोणी यांच्या संबंधाच्या संज्ञा आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, अधिकृत नामांतर २०२४) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे सु. सहाव्या शतकातील शैव लेणे आहे. तेथील द्वारपाल व देवतामूर्ती पाहताना या संज्ञांचा प्रत्यक्ष अर्थ ध्यानात येतो. अकोले तालुक्यातील रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरावरही मानवाकृतींचे शिल्पकाम आढळते.

निजामशाहीच्या काळात अहमदनगर येथे मानवाकृतीची आणखी एक शैली दिसून येते. पहिल्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी या कवीने रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही (सु. १५६५) या काव्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील स्त्रियांच्या सडपातळ आकृतींत हाडांच्या रचनेपेक्षा बाह्यरेषेच्या डौलास प्राधान्य आहे. वृक्षास स्पर्श करून त्यास फुलविणाऱ्या स्त्रीचा प्राचीन शिल्पविषयही या चित्रांत आला आहे. एकाच जिल्ह्याच्या परिसरात घनाकाराने विचार करणारा शिल्पी व रेषेने विचार करणारा चित्रकार, असे दोन्ही कलावंत होऊन गेले.

महाराष्ट्रातील आधुनिक कलाशिक्षण : सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तेथे यूरोपीय शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन हा आरंभीच्या शिक्षणाचा मुख्य आधार होता. प्रतिकृती हलत नाही, दमत नाही. त्यामुळे प्रमाण व छायाप्रकाश यांचा अभ्यास तिच्यावरून उत्तम होतो. परंतु भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना कणा कसा वळतो, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय विद्यार्थ्यांच्या नजरेत ग्रीक शरीराचे प्रमाण प्रथम ठसे व भोवतालचे शरीर नंतर येई. या मर्यादेतही मोठी निर्मिती झाली. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडविलेल्या ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) या शिल्पात लुगड्याच्या चुण्यांखाली शरीराची ठेवण स्पष्ट जाणवते.

कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन हे १९१९ मध्ये संस्थेच्या प्रमुखपदी आले. त्यांच्या कारकीर्दीत नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग नियमित सुरू झाला व त्याच सुमारास भित्तिचित्रणाचाही वर्ग निघाला. या दोहोंचा संबंध होता. भिंतीवरील मोठ्या रचनेत अनेक आकृती वेगवेगळ्या स्थितींत बसवाव्या लागतात व त्यांसाठी शरीराचे ज्ञान हाताशी असावे लागते. या शिक्षणाने विद्यार्थी पाश्चात्त्य होतील, असा आक्षेप घेतला जाई. भारतीय मूर्तींची परंपरा पाहता मानवी शरीराचा अभ्यास येथे परका नव्हता. परक्या होत्या त्या शिकविण्याच्या रीती.

या दोन परंपरांतील अंतर सांधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न चित्रकार एम्. आर्. आचरेकर (१९०७–७९) यांनी रूपदर्शिनी या ग्रंथात केला. प्रत्यक्ष मॉडेल, तिचे वास्तववादी रेखाटन व त्याच स्थितीचे भारतीय शैलीतील रूप यांची तुलना त्यांनी मांडली. त्रिभंग ही केवळ अलंकारिक कल्पना नसून शरीराच्या तोलातून निघालेली शैली आहे, ही गोष्ट अशा तुलनेने उघड होते.

सरावाची पद्धत : प्रथम एक ते पाच मिनिटांच्या स्थितींवरून जलद रेखाटने केली जातात. त्यांत बाह्यरेषा न काढता मस्तकापासून भार घेणाऱ्या पावलापर्यंत कण्याचा ओघ, खांद्यांची रेषा व कमरेची रेषा एवढेच नोंदवितात. मानेच्या खाचेतून सोडलेला ओळंबा कोणत्या पावलावर पडतो, हे पाहून तोल तपासला जातो. त्यानंतर दीर्घ स्थितीत श्रोणीचा घनाकार, तिचा पुढेमागे असलेला कल व छाती आणि श्रोणी यांमधील पीळ अभ्यासतात. नवशिक्याच्या चुका साधारणतः ठरलेल्या असतात : कणा सरळ काढणे, श्रोणी नेहमी आडवी ठेवणे व बाह्यरेषा आधी पुरी करून आतील रचना नंतर शोधणे. शेजारी सांगाडा ठेवून तीच स्थिती पुन्हा काढल्याने या चुका लवकर सुटतात.

मॉडेल व समाज : या विद्येचा सगळा भार ज्या व्यक्तीवर असतो, तिची नोंद कलेच्या इतिहासात क्वचितच होते. एका पायावर भार ठेवून दीर्घकाळ निश्चल उभे राहणे हे कष्टाचे काम आहे. पाय बधिर होतो, कंबर भरून येते व थकव्याने श्रोणीचा कलही बदलू लागतो. म्हणून ठराविक वेळाने विश्रांती देणे हे माणुसकीचे तसेच अचूक रेखाटनाचेही अंग आहे. नग्न स्थितीत बसणाऱ्या स्त्रियांना लोकापवादाच्या भीतीने आपले काम घरापासूनही लपवावे लागते. मुंबईच्या कलाशाळेत मॉडेल म्हणून काम करणाऱ्या स्त्रीचे असे जीवन रवी जाधव यांच्या न्यूड (२०१८) या मराठी चित्रपटाचा विषय झाले. तत्पूर्वी २०१७ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून तो वगळला गेल्याने वाद झाला होता.

जिल्ह्यांतील अभ्यास : मुंबईबाहेर नग्न मॉडेल मिळणे कठीण असते, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी वस्त्रधारी मॉडेल, छायाचित्रे व पुस्तके यांवरच बहुधा भागवावे लागते. छायाचित्र घनाकार सपाट करते व तोलातील सूक्ष्म बदल दाखवीत नाही, म्हणून ते मॉडेलची जागा घेऊ शकत नाही. मात्र अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात निरीक्षणाची इतर साधने विपुल आहेत. तालमीतील कुस्तिगिरांच्या उघड्या पाठीवर कण्याची पन्हळ व त्रिकास्थीचा त्रिकोण स्पष्ट दिसतो. ऊसतोडणीच्या फडात कोयता चालविणारे वाकलेले शरीर व मोळी उचलून उभे राहणारे शरीर यांतून कंबरेतून वाकणे व पाठीतून वाकणे यांतील भेद कळतो. अशी रेखाटने करताना समोरच्या माणसाची संमती व सन्मान यांचे भान कलाशाळेतल्याइतकेच आवश्यक असते. ढोकेश्वरच्या लेण्यातील मूर्ती आणि फडातील श्रमिक यांची रेखाटने शेजारी ठेवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास शैली व निसर्ग यांचे नाते परक्या प्रतिकृतींच्या साहाय्यावाचूनही उमगू शकते.