अवधानन्यूनतेची नामांतरे : एका रोगनिदानाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात एकाच अवस्थेस कालांतराने निरनिराळी नावे मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु शंभर वर्षांच्या आत जिचे सहा-सात वेळा नामकरण झाले अशी अवस्था विरळाच. आज जिला अवधानन्यूनता व अतिचंचलता विकृती म्हणतात, आणि बोलण्यात जिचा उल्लेख 'एडीएचडी' ह्या आद्याक्षरांनीच होतो, ती अशांपैकी एक होय. हा बदल केवळ परिभाषेचा असता तर त्याची दखल कोशकारांनी घेतली असती आणि विषय तेथेच संपला असता. पण येथे प्रत्येक नावाबरोबर दोषाचे स्थान बदलले आहे : कधी तो मुलाच्या नीतीत मानला गेला, कधी मेंदूच्या इजेत, कधी हातापायांच्या हालचालीत, तर कधी अवधानात. दोषाचे स्थान बदलले की वैद्याची नजर दुसरीकडे वळते, आणि त्या नजरेच्या टप्प्यात कोण येतो व कोण बाहेर राहतो हेही बदलते. ही नामांतरे कालक्रमाने पाहून त्यांनी कोणास पुढे आणले व कोणास दृष्टीआड ठेवले, हे तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी आजचा अर्थ निश्चित केला पाहिजे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. तीत ह्या विकृतीची लक्षणे दोन गटांत मांडली आहेत; नऊ अवधानाच्या उणिवेची आणि नऊ अतिचंचलतेची व आवेगशीलतेची. हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे, नित्य लागणाऱ्या वस्तू हरवणे, समोरचा बोलत असता ऐकत नसल्यासारखे दिसणे ही पहिल्या गटातील; जागेवर स्थिर न बसणे, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देणे ही दुसऱ्या गटातील. मुलांत एका गटातील किमान सहा, आणि सतरा वर्षांपुढील व्यक्तींत किमान पाच लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात. शिवाय त्यांपैकी काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, घर, शाळा, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे जीवनव्यवहारात प्रत्यक्ष अडथळा यावा, अशी अट आहे. म्हणजे लक्षण एकेकटे घेतले तर ते कोणाही माणसात सापडेल. त्यांचे प्रमाण, सातत्य आणि परिणाम पाहूनच निदान करावयाचे असते. ह्या निदानाविषयीचे बहुतेक वाद ह्याच मुद्द्याभोवती फिरतात.

अवधानाच्या दोषाचे वर्णन अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळू लागते. जर्मन वैद्य मेल्खिओर आडाम वाइकार्ड ह्यांनी १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अवधानाच्या अभावावर एक प्रकरण लिहिले असून उपाय म्हणून थंड पाण्याचे स्नान, व्यायाम व घोडेस्वारी सुचविली आहे. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्यांनी मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधान व त्याचे रोग ह्यांचा स्वतंत्र विचार केला. अशा माणसास कोणी खोलीत येरझारा घातल्या, मेज सरकवले किंवा दार लावले तरी त्याचे चित्त विचलित होते, हे त्यांनी बारकाईने नोंदविले. हा दोष जन्मजात असू शकतो, असे सांगतानाच तो वयाबरोबर बहुधा कमी होतो, असेही त्यांनी म्हटले. ह्या शेवटच्या विधानाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. कारण पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ते कोणी गंभीरपणे तपासले नाही.

क्रायटन ह्यांच्या विवेचनात नैतिक दूषण जवळजवळ नाही. ते शिरले विसाव्या शतकाच्या आरंभी. लंडनमधील बालरोगवैद्य जॉर्ज फ्रेडरिक स्टिल ह्यांनी मार्च १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धी सर्वसाधारण असूनही ज्यांच्या वर्तनास आवर नाही अशा मुलांचे वर्णन त्यांनी केले आणि ह्या अवस्थेस नैतिक नियंत्रणातील दोष असे म्हटले. त्यांच्या वीस मुलांच्या एका गटात पंधरा मुलगे व पाच मुली होत्या. एका सहा वर्षांच्या मुलाचे चित्त खेळातही क्षणभराहून अधिक टिकत नसे, अशी नोंद त्यांत आहे. पण क्रौर्य, असत्य, मत्सर, चोरी ह्यांच्याही नोंदी आहेत. त्यामुळे स्टिल ह्यांची सर्व मुले आजच्या निदानात बसतील असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगितल्या पाहिजेत. हे वर्तन केवळ वाईट संगोपनाचे फळ नव्हे आणि त्यामागे शारीरिक कारण असू शकते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. तरीही त्यांनी वापरलेला शब्द नीतीचाच होता. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण १८८० मध्ये सक्तीचे झाले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. शेतात किंवा कारखान्यात पूर्वी कोणाच्या डोळ्यांत न भरणारी चंचलता बाकावर तासन्‌तास बसावयाच्या वर्गात लपून राहणे शक्य नव्हते.

नीतीकडून मेंदूकडे जाण्याचा मार्ग एका साथीने मोकळा केला. १९१७ च्या सुमारास यूरोपात निद्राळू मस्तिष्कशोथाची साथ उद्भवली व ती पुढे सुमारे दहा वर्षे जगभर पसरत राहिली. त्यातून वाचलेली अनेक मुले पूर्वी शांत असूनही नंतर अतिशय अस्वस्थ, आवेगी व अनावर झाली. मेंदूला इजा झाली की वर्तन बदलते, ह्याचा हा प्रत्यक्ष पुरावाच होता. परंतु त्यावरून वैद्यकाने उलट दिशेचेही अनुमान काढले : वर्तन असे असेल तर मेंदूला इजा झालेलीच असली पाहिजे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास ह्या अनुमानातील दोष सांगावयास नको.

त्या मोहात न पडलेले दोन संशोधक बर्लिनमध्ये होते. फ्रान्झ क्रामर व हान्स पोलनोव ह्यांनी १९३२ मध्ये बालकांतील अतिचालकतेच्या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आरंभ होऊन सहाव्या वर्षाच्या सुमारास कळसास पोहोचणारी ही अस्वस्थता मस्तिष्कशोथाच्या परिणामांहून निराळी आहे, कारण त्या रोगातील रात्रीची अस्वस्थता ह्या मुलांत आढळत नाही, असा भेद त्यांनी स्पष्ट केला. आजच्या वर्णनाशी इतके जवळचे वर्णन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. पण दोघेही ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्ता आली. क्रामर ह्यांचा अध्यापनाचा अधिकार गेला व १९३८ मध्ये ते नेदरलँड्समध्ये गेले. पोलनोव फ्रान्समध्ये आश्रयास गेले, तेथे पकडले गेले आणि १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले. संशोधनाची एक परंपरा अशी तुटली. ज्ञानाचा इतिहास केवळ पुराव्यांच्या बळावर पुढे सरकतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

दरम्यान अमेरिकेत एक शोध योगायोगाने लागला. ऱ्होड आयलंडमधील एमा पेंडलटन ब्रॅडली होम ही संस्था, मस्तिष्कशोथाने अपंग झालेल्या एका मुलीच्या पालकांच्या देणगीतून १९३१ मध्ये उघडली होती. तेथील वैद्य चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या क्ष-किरण चित्रणासाठी मणक्यातील द्रव काढीत; त्यानंतर मुलांचे डोके अतिशय दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध दिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण मुलांचा अभ्यास सुधारला. १९३७ मध्ये त्यांनी तीस मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा मुलांच्या शालेय कामात ठळक प्रगती दिसली होती. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव ठेवले. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे हा विरोधाभास ब्रॅडली ह्यांनाही चकित करणारा होता. ज्या मुलास लोक आळशी वा हट्टी म्हणत, तेच मूल औषध घेताच आपण होऊन काम करू लागते, ह्या निरीक्षणाने इच्छाशक्तीच्या दोषाची उपपत्ती डळमळावयास हवी होती. पण सुमारे दोन दशके त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५४ मध्ये सीबा ह्या स्विस कंपनीने मेथिलफेनिडेट हे औषध रिटॅलिन ह्या नावाने बाजारात आणले आणि पुढे तेच ह्या विकृतीचे प्रमुख औषध ठरले.

युद्धोत्तर काळात मेंदूच्या इजेची कल्पना पुन्हा प्रबळ झाली. आल्फ्रेड स्ट्राउस व लॉरा लेटिनेन ह्यांच्या १९४७ च्या ग्रंथानंतर, इजेचा कोणताही प्रत्यक्ष पुरावा नसतानाही केवळ वर्तनावरून मेंदूची किमान इजा असे निदान होऊ लागले. १९६२ मध्ये ऑक्सफर्ड येथे जमलेल्या बालमज्जातज्ज्ञांनी ह्यावर आक्षेप घेऊन 'इजा' ह्या शब्दाऐवजी 'अपक्रिया' हा शब्द सुचविला. शब्द सौम्य झाला, अनुमानाचा दोष मात्र तसाच राहिला. १९६८ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेने कारणाचा वाद बाजूस ठेवून बाल्यावस्थेतील अतिचालक प्रतिक्रिया असे नाव दिले, आणि ही अवस्था बहुधा पौगंडावस्थेत ओसरते, असेही नमूद केले. क्रायटन ह्यांचे १७९८ चे विधान अशा रीतीने पुन्हा अधिकृत झाले.

ह्या नावात हालचाल हेच मुख्य लक्षण होते. जे मूल वर्गात धुडगूस घाली ते वैद्याकडे पोहोचे. जी मुलगी खिडकीबाहेर पाहत गप्प बसे, जिची वही अपुरी राही पण जिच्यामुळे कोणास त्रास होत नसे, ती घरीच राही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस ह्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, ह्या मुलांची मूळ अडचण अवधान टिकविण्याची व आवेग आवरण्याची आहे. त्यांच्या संशोधनाचा मोठा परिणाम १९८० च्या पुस्तिकेवर झाला. तीत अवधानन्यूनता विकृती हे नाव आले आणि अतिचालकता नसतानाही हे निदान करता येईल असे प्रथमच मान्य झाले. १९८७ मध्ये आजचे जोडनाव रूढ झाले. २०१३ च्या पुस्तिकेनुसार मुलांत मुलगे व मुली ह्यांचे प्रमाण सुमारे दोनास एक आहे, तर प्रौढांत ते १.६ ला १ इतके येते. हा फरक अंशतः तरी निसर्गाचा नसून पाहणाऱ्यांचा असावा, असे मानण्यास जागा आहे.

प्रौढांची कथा अशीच आहे. युटा विद्यापीठातील पॉल वेंडर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९७६ मध्ये प्रौढांतील लक्षणांवर निबंध लिहिला. माँट्रियलच्या गॅब्रिएल वाइस व लिली हेक्टमन ह्यांनी अतिचंचल मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेऊन १९८६ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यातून दिसले ते असे की, धावपळ ओसरते, पण अनेकांत आतील अस्वस्थता, विसरभोळेपणा व आवेग टिकून राहतात. प्रौढपणी त्यांचे रूप बदलते : मुदती चुकतात, नोकऱ्या वारंवार सुटतात, पैशाचा हिशेब लागत नाही, वाहन चालविताना अपघात अधिक होतात, संसारात बेपर्वाईचा आरोप येतो. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २००८ मध्ये प्रौढांचा समावेश झाला. म्हणजे तोवर कित्येक पिढ्यांतील माणसांनी आपल्या आयुष्याचा अर्थ स्वभावदोष असाच लावला असणार.

आजचे ज्ञान काय सांगते? जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यक्तीव्यक्तींमधील फरकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक ठरतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातील सत्तावीस स्थानांशी संबंध आढळला. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अल्प आहे. २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात मेंदूच्या बाह्यकाची जाडी इतर मुलांत सुमारे साडेसातव्या वर्षी, तर ह्या मुलांत साडेदहाव्या वर्षी कमाल पातळीस पोहोचलेली दिसली. तेव्हा ही अवस्था खरी आहे, ह्याविषयी वाद उरलेला नाही. परंतु कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या २०१२ च्या अभ्यासात, शाळाप्रवेशाच्या नियमामुळे वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत हे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा तीस टक्के व मुलींत सत्तर टक्के अधिक आढळले. कोवळे वय हाच रोग समजला जाण्याचा धोका त्यातून उघड होतो. ज्यांना निदान हवे त्यांना ते न मिळणे आणि ज्यांना नको त्यांच्या माथी ते बसणे, हे दोन्ही अन्याय एकाच वेळी घडू शकतात. एकाचा पुरावा दुसऱ्याचे खंडन करीत नाही.

मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती : द्वाड, वांड, व्रात्य, धांदरट, वेंधळा, चळवळ्या. ह्यांतील काहींत कौतुकाची छटा आहे, बहुतेकांत ठपका आहे. आणि मुलग्यास जे कौतुकाने म्हटले जाते तेच मुलीस दूषण म्हणून चिकटते. ह्या शब्दांवरून मागील काळातील व्यक्तींचे निदान करण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावा. पुराव्याअभावी तो निव्वळ खेळ ठरतो. मात्र ह्या शब्दांचा अभ्यास अवश्य करावा. कोणत्या घरी, कोणत्या शाळेत, कोणाविषयी व कोणी ते वापरले, ह्याच्या नोंदी शाळांच्या दप्तरांत, आत्मचरित्रांत व पत्रव्यवहारांत विखुरलेल्या आहेत. स्टिल ह्यांच्या व्याख्यानांपासून आजपर्यंतच्या नामांतरांनी एवढे तरी शिकविले आहे की, मूल काय करते ह्याची नोंद आणि मूल कसे आहे ह्याचा निवाडा ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. आजचे नावही कदाचित अखेरचे नसेल. ते बदलेल तेव्हा त्याने कोणास नव्याने दृष्टिपथात आणले, हे तपासण्याचे काम आपल्यानंतरच्या अभ्यासकांकडे राहील.