ट्रॅक्टरवर बसलेली हवा

विहिरीवर ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर आला की आपण फूट मोजतो, भाव ठरवतो आणि मोकळे होतो. हे यंत्र आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. आज तेच लिहितो, कारण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर बसलाय. मुरमात टिकाव चालतो, कातळात नाही. पूर्वी एक जण पहार धरून फिरवायचा, दुसरा घण मारायचा. होल झालं की दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर पळायचं. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात अशीच हाताने होल मारून झाली. हजारो मजूर राबले, कितीतरी पटकीने गेले.

त्याच वर्षांत फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या आल्प्स डोंगरात रेल्वेचा बोगदा चालू होता. तिथे सोमेये नावाच्या इंजिनियरने १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं लावली. हवा दाबायला इंजिन नव्हतं, डोंगरातून उतरणाऱ्या पाण्याचा जोर वापरला. बोगदा १८७१ साली खुला झाला. पण ती हवा एका जागची. शेतातल्या विहिरीवर ती येणार कशी?

त्याचं उत्तर पीटीओ. इंजिनाची ताकद चाकांशिवाय मागच्या दांड्यालाही देण्याची ही सोय अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९१८ च्या सुमारास ट्रॅक्टरवर विकायला काढली. १९४५ साली विलीजने शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तिलाही पीटीओ घेता यायचा. म्हणजे जे इंजिन गाडी बांधावरून नेतं, तेच जागेवर उभं राहून दुसरं यंत्र फिरवतं.

आमच्याकडे आधी यायचा तो ओढायचा कॉम्प्रेसर. त्याला स्वतःचं डिझेल इंजिन, शिवाय ओढायला वेगळी गाडी. पाणंदीत चिखल असला की तो रस्त्यावरच थांबायचा. मग कॉम्प्रेसर ट्रॅक्टरच्या मागेच बसवलेला आला. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, त्यावर कॉम्प्रेसर फिरतो, हवा टाकीत साठते आणि पाइपातून खाली मशीनला जाते. दाब साधारण ७ किलो. जीपच्या टायरात २ किलोच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. इंजिन एकच, ड्रायव्हर एकच, म्हणून भाडं लहान शेतकऱ्याच्याही आवाक्यात आलं. दोन-तीन एकरवाल्यांच्या विहिरी कातळात उतरल्या त्या यामुळे.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत डेन्व्हरला लेनर नावाच्या माणसाने १८९७ च्या सुमारास पोकळ रॉडचं मशीन काढलं. रॉडमधून हवा जाऊन होलातला भुगा बाहेर फेकायची. काम झपाट्याने होई, पण धूळ एवढी की खाणमजुरांनी ते हातात घ्यायला नकार दिला. अशा कोरड्या मशीनला तिकडे 'बायका विधवा करणारं' असं नावच पडलं होतं. मग लेनरने त्याच रॉडमधून हवेबरोबर पाणीही सोडलं, धूळ बसली आणि मशीन चाललं.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागात मी पाहिलेल्या बहुतेक विहिरींवर मात्र आजही कोरडंच होल मारतात. आपण वर काठावर उभे असतो, धूळ वाऱ्याने उडून जाते. खाली परसाच्या तोंडासारख्या अरुंद जागेत मशीन धरलेला माणूस पांढरा झालेला असतो. तोंडाला फक्त फडकं. काळ्या पाषाणात गारेचा अंश ग्रॅनाइटपेक्षा कमी असतो हे खरं, पण दिवसभर तीच धूळ छातीत गेली तर फुप्फुसं काय म्हणतील? घणाने हात जायचे, मशीनने छाती जाते. कष्ट कमी झाले ते कुणाचे, हे बघायला पाहिजे.

विहीर आपली, म्हणून थोडं आपल्याही हातात आहे. भाव ठरवतानाच पाणी मारून होल मारायचं सांगा. दोन ड्रम पाणी काठावर ठेवा, होलाच्या तोंडावर ओतायला एक माणूस द्या. फडक्याऐवजी धुळीचा चांगला मास्क आणून द्या. होल मारून झाल्यावर धूळ बसेपर्यंत यारीने माणसं वर घ्या. अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. त्या विहिरीचं पाणी आपली पोरं पुढची वीस-तीस वर्षं पिणार आहेत.